आमची चेटकीण शुद्ध बोलते

माईक माझ्या हातात होता, सगळा मांडव माझ्याकडं बगायलता, अन् माझी पोरगी कुठंच दिसंना. मी परत म्हणलं, "आरोही बाळा, तू जिथे असशील तिथून इकडे ये. मी तुझी आई बोलत आहे." माझाच आवाज स्पीकरमधून निघायलता, मांडवाच्या पल्याड केळीच्या बागेवर जायलता अन् तिकडून माघारी यायलता, अन् मला वाटायलं, ही कोण बाई बोलायली. कार्यालयाच्या मागं केळी, केळीच्या मागं शेततळं. तळ्याला काळं प्लास्टिक अंथरलेलं. त्याच्यावरून पाय घसरला की मोठ्या माणसाला बी वर येता येत न्हाई, धरायला तिथं काहीच राहत न्हाई. अन् माझी गुड्डी पाच वर्षांची. येताना गाडीतून मी ते तळं बघितलतं, मनात म्हणलतं, लेकराला तिकडं जाऊ द्यायचं न्हाई. मंग अक्षता पडल्या, बँड वाजला, सगळे उठले, मी वळून बघते तर हातात बोट न्हाई. टेबलाखाली बघितलं, नवरीच्या खोलीत बघितलं, आचाऱ्याकडं बघितलं. गुड्डीचे पप्पा रस्त्याकडं पळाले, कारण रस्त्यावर ट्रक. मी माईककडं पळाले, कारण मला दुसरं काही सुचलं न्हाई.

हे मागच्या उन्हाळ्यातलं, अर्धापूरकडं, माझ्या चुलत दिराच्या लग्नातलं.

यंदा परत लग्नसराई आली. आम्ही नांदेडात विष्णुपुरीच्या रस्त्याला राहतो, गुड्डीच्या पप्पांचं मोटारी भरायचं दुकान हाय, म्हणजे विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी उघडून त्याच्यात नवीन तार भरायची. खोलीच्या मागं एक कार्यालय हाय. ऊन तापलं की तिथं रोज लग्न. सकाळी हळदीचे गाणे, दुपारी जनरेटरचा धूर, बुंदीचा वास, अन् मंग माईक. "नवरीच्या मामांनी नवरीला मंडपात घेऊन यावे." भांडे घासता घासता माझे हात तिथंच थांबतेत. गुड्डी दारात उभी राहून ऐकती अन् मला आतमधी आवाज देती, "मम्मी, चेटकीण बोलायली."

ते ती कामून म्हणती हे सांगायचं तर मला माझ्या शाळेपासून सांगावं लागंल.

माझं माहेर लातूर जिल्ह्यात, निलंग्याकडं. शाळेत मराठीच्या पुस्तकात एखादा धडा बोलण्याचा राहायचा, राजा बोलतो, राणी बोलते, शिपाई बोलतो. बाई एकेकाला वाटून द्यायच्या. ग्रामसेवकाची पोरगी हमेशा राणी. मला दासी. दासी एकदाच बोलायची, "व्हय जी, आणते," अन् आत जायची. मी ते लई चांगलं म्हणायचे, बाई म्हणायच्या, "तुला शिकवावं लागत नाही, तुझ्या तोंडात आहेच ते." मला बरं वाटायचं. घरी येऊन मायला सांगायचे, आज मी दासी होते. माय म्हणायची, "रोजच हायेस की, भाकरी थापू लाग."

पर पुस्तक वाचता वाचता एक गोष्ट माझ्या ध्यानात आलती. गोष्टीत जो माणूस 'आहे' म्हणतो त्याला नाव राहतंय. जो 'हाय' म्हणतो त्याला नाव राहत न्हाई. तो नुसता गडी, नुसती म्हातारी, नुसती एक बाई. लिहिणाऱ्यानं कुठं सांगितलेलं नसतंय की ही अडाणी हाय, हिचं ऐकू नका. तोंडात एक 'न्हाई' घातला की झालं, वाचणाऱ्याला कळतंय. अन् ते बोलणं बी खरं नसतंय. 'म्या' काय, 'नगं' काय, 'जनू' काय. आमच्या गावात 'म्या' कोणीच म्हणत न्हाई. मला लई दिवस वाटायचं, पुस्तकात एक दुसरंच गाव हाय, तिथले सगळे गरीब लोक 'म्या' म्हणतेत, अन् ते गाव कुठं हाय ते कोणालाच माहीत न्हाई.

आणखी एक. गोष्टीतलं माणूस भ्यालं की थोडं थोडं बोलतंय, मधी ठिपके ठिपके देतेत. खरं भ्यालेलं माणूस तसं करत न्हाई. खरं भ्यालेलं माणूस थांबतच न्हाई. माझी जाऊ बाळंतपणाला गाडीत बसली तवा दवाखाना येईपर्यंत एकसारखी बोलायलती, गॅस बंद केला का, दुधाला कोणी बघा, कुलूप ओढून बघितलं का, तिला कळा सुरू होत्या अन् ती कुलपाचं बोलायलती. हे कोणी पुस्तकात लिहीत न्हाई. लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटंल, ही बाई काही भ्यालेली दिसत न्हाई.

नववीत माझी शाळा सुटली. वाचायची सवय सुटली न्हाई. भेळीचा कागद बी मी वाचून फेकते. गुड्डी झाली, बसती झाली, बोलती झाली, तवा तिच्या पप्पांनी रद्दीवाल्याकडून गोष्टीचं एक पुस्तक आणलं, कोपरे कुरतडलेले, पर चित्रं चांगले. दुपारी लाइट जायची, फरशीवर पाणी शिंपडायचं, ओल्या फरशीवर दोघी मायलेकी पालथ्या पडून वाचायचो. त्याच्यात एक गोष्ट चेटकिणीची. एक मुलगी जत्रेत हरवती. चेटकीण येती, आईचं सोंग घेती अन् हाका मारती. पुस्तकात लिहिलेलं, "ये की गं पोरी हिकडं, भिऊ नगं, म्या तुझी मायच हाय." मुलगी ओळखती. कामून तर, लिहिलेलं हाय, 'तो आवाज राठ व गावंढळ होता.' मंग ती पळत सुटती, आवाज ऐकू येईना तिथपर्यंत पळती, अन् मंग तिची खरी आई येती अन् म्हणती, "बाळा, इकडे ये बरं. घाबरू नकोस. मी तुझी आई आहे ना?"

मी हे जसं लिहिलंय तसं वाचलं. चेटकिणीचा आवाज राठ काढला. गुड्डीनं माझ्याकडं बघितलं अन् इचारलं, "मम्मी, चेटकीण आजीवाणी कामून बोलायली?"

आजी म्हणजे माझी सासू. मी तिला आत्या म्हणते. ती 'म्या' म्हणत न्हाई, पर 'हिकडं' म्हणती, 'माय' म्हणती, आवाज बी राठच हाय, जन्म रानात हाका मारण्यात गेला. आत्या तवा दारातच बसलती, कांदे निवडायलती. तिनं ऐकलं. ती हसली अन् म्हणली, "व्हय गं माय, मीच चेटकीण. तुझे पाय दाबते, तुला दूध पाजते, अन् दुपारी लोकाचे लेकरं खाते." हसली, पर कांदा हातात तसाच धरून बसली.

दुसऱ्या दिवशी मी उलटं केलं. गोष्ट तीच, चित्रं तेच, नुसते आवाज बदलले. चेटकीण बोलायची ते शुद्ध, सिरियलमधल्या बाईवाणी, गोड गोड, "बाळा, इकडे ये बरं. घाबरू नकोस. मी तुझी आई आहे ना?" अन् खरी आई यायची ती आमच्यावाणी, "आगं गुड्डे, कुठं मेलतीस गं, जीव गेला माझा!" गुड्डी खिदळायची. बेजार करायची, "मम्मी, परत चेटकीण काढ." मी शुद्ध काढलं की कानावर हात ठेवून खाटेखाली पळायची, अन् माझ्या आवाजात हाक मारली की बाहेर यायची. हा आमचा खेळच झाला. आत्याला बी आवडायचा. ती म्हणायची, "हां, आता बराबर लिहिलंय."

लिहिणारा माणूस एखाद्याच्या तोंडाला आवाज लावतो तवा त्याला कुठं माहीत राहतंय, वाचणारी कुण्या फरशीवर पडलीय, तिच्या दारात कोण कांदे निवडतंय. मला बी माहीत नव्हतं की खेळातला आवाज खेळात राहत न्हाई.

मांडवात माईक ज्याच्याकडं होता त्याला सगळे मास्तर म्हणायलते, तो मास्तर न्हाई, मंडपवाल्याचा भाऊ हाय. माईक तोंडाशी असला की, "उपस्थित सर्व मान्यवरांचे हार्दिक स्वागत," अन् माईक खाली केला की, "ए, जार आण की बे पाण्याचा, मेलास का!" एका तोंडात दोन माणसं. मी पळत गेले, म्हणलं, भाऊ, माझी पोरगी सापडंना. त्यानं आधी स्वतःच सांगितलं, "कुमारी आरोही हिने मंचाजवळ यावे." मंग माझ्याकडं माईक दिला अन् कानात म्हणला, "वैनी, तुम्हीच बोला, लेकरू मायचा आवाज वळखतंय. पर जरा शुद्ध बोला हं, लाइव्ह चालू हाय, पुण्याचे पाव्हणे मोबाइलवर बगायलेत."

मी शुद्ध बोलले. मला येतंय की. वाचलेलं हाय सगळं. अन् तोंडात आलं ते काय आलं? जे रोज दुपारी येत होतं तेच आलं. आरोही हे तिचं कागदावरचं नाव, घरात तिला कोणीच आरोही म्हणत न्हाई. आई बी आमच्यात कोणीच म्हणत न्हाई, मी तिची मम्मी, मी माझ्या मायला माय म्हणते. आई फक्त पुस्तकात राहती. हे मला तवा सुचलं न्हाई. मी आपली, "बाळा, इकडे ये. घाबरू नकोस." परत परत. वाटायलतं, आता येईल, आता मांडवाच्या कडंनं तो पिवळा फ्रॉक दिसंल.

मागच्या बाजूला भांडे घासणारी एक बाई होती. ती राखेच्या हातानं तशीच मांडवात आली, लोकांमधून वाट काढत, अन् खालूनच मला ओरडून म्हणली, "ओ बाई, पिवळ्या फ्रॉकाची तुमचीच का? ती तिकडं केळीत हाय. तुम्ही बोलल्या की आणखी आत पळायली! मी हाक मारली तर थांबली जराशी, तुमचा भोंगा वाजला की परत पळाली. गप बसा की!"

तुम्ही बोलल्या की आणखी आत. मला एकदम सगळं कळलं. केळीच्या पल्याड काय हाय ते बी मला माहीत होतं. लेकरू आवाज ऐकू येईना तिथपर्यंत पळणार, कारण मीच तसं वाचून दाखवलंय.

मंग मी काय बोलले ते मला नीट आठवत न्हाई, मोबाइलमधी हाय म्हणून माहीत हाय. "आगं गुड्डेऽऽऽ! कुठं मेलीस गं भवाने! ये हिकडं आधी! पाऊल पुढं टाकलंस तर तंगडं मोडून हातात देते का न्हाई बघ! तुझी मम्मी हाय गं मी, मम्मी, थांब तिथंच माझ्या राजा, थांब, हलू नको, आले मी!" माईक टाकला, त्याची कर्र करून शिट्टी वाजली, अन् मी पळाले. भटजी बी बगायलते. केळीच्या दोन ओळींच्या मधी ती उभी होती, सगळ्या अंगाला चिखल, अन् तिच्या पाठीमागं केळी संपून उजेड दिसायलता. तो उजेड तळ्याच्या पाण्याचा होता. ती मला बघून हसायली. म्हणली, "मम्मी, मी चेटकिणीला फसवलं."

मी तिला मारलं बी अन् मुके बी घेतले, कोणतं आधी ते माहीत न्हाई.

वाटलं संपलं. पर लाइव्ह चालू होतं. कोणीतरी तेवढंच बोलणं कापलं अन् त्याची रील केली. माझ्या आवाजावर आता पोरी तोंड हलवतेत. एकीनं लुगडं खोचलंय, दात काळे केलेत, हातात खराटा घेतलाय, अन् माझा आवाज लावून म्हणती, 'तंगडं मोडून हातात देते.' खाली कमेंटमधी लोक हसून हसून लोळतेत. मी त्या दिवशी जावेची पैठणी नेसलते. केसात गजरा होता. माझ्या हातात खराटा नव्हता, माईक होता. नुसता आवाज ऐकून त्या पोरींनी ठरवलं की असं बोलणाऱ्या बाईच्या हातात खराटाच असणार, अन् दात काळेच असणार. त्यांनी तळं दाखवलं न्हाई. तळं काढून टाकलं की माझं बोलणं नुसतं हसायचंच राहतंय, हे मला बी ती रील बघूनच कळलं. मी स्वतःच एकदा हसले.

आत्याला कोणी ती रील दाखवली की ती म्हणती, "तिनं हाक मारली म्हणून लेकरू हाय. न्हाईतर तो मास्तर बसला असता मान्यवर मान्यवर करत." गुड्डीचे पप्पा दुकानात गिऱ्हाइकाला सांगतेत, "आमच्या घरात एक फेमस बाई हाय, हळू बोला." मला राग येत न्हाई. घरात सगळे हसतेत तवा मी बी हसते. कार्यालयातला माईक वाजला की तेवढं मी आधी गुड्डी कुठं हाय ते बघते.

आता परवाचं सांगते. पहिलीत जाणाऱ्या लेकरांना उन्हाळ्याच्या सुट्टीआधी एक दिवस शाळेत बोलवलतं, मायसंगट. दारात पताका, फुगे, पाटीवर रंगीत खडूनं स्वागत. आम्ही जरा लवकर गेलो. वर्गाच्या बाहेर एक तरुण मॅडम फोनवर बोलायलत्या, भिंतीकडं तोंड करून, हळू आवाजात. "जेवलीस का गं माय? न्हाई न्हाई, उन्हात नको जाऊ, लई ऊन हाय. गोळी घे टायमाला. फिकीर नको करू गं, मी बरी हाय हितं." मला एकदम माहेरी आल्यावाणी झालं. लातूरकडच्याच, कोणी सांगायची गरज न्हाई. मी गुड्डीला म्हणलं, बघ, किती चांगल्या मॅडम.

मॅडमनी फोन पर्समधी ठेवला, वळल्या, गुड्डीला बघितलं. खाली वाकल्या, दोन्ही हात पुढं केले. चेहरा लई मायाळू. अन् म्हणल्या, "बाळा, इकडे ये बरं. घाबरू नकोस. शाळेत मीच तुझी आई आहे ना?"

गुड्डीनं कानावर हात ठेवले अन् पळाली. वर्गात शिरली, शेवटच्या बाकाखाली जाऊन बसली. बाकीच्या बाया हसल्या. मॅडम बी हसल्या, आत गेल्या, बाकापाशी बसल्या, आणखी गोड आवाज काढला, "बाळा, ये ना," अन् गुड्डी आणखी भिंतीला चिकटली. मॅडम जेवढ्या गोड होतील तेवढी ती आत. मला दिसायलतं काय होतंय ते, अन् तिथं मॅडमला कसं सांगणार की तुम्ही एका चेटकिणीच्या आवाजात बोलायल्या.

तरी मी म्हणलं, हळूच, "मॅडम, तुम्ही आता मायशी फोनवर बोलल्या तसं बोला तिच्याशी. एकदाच."

मॅडमचा चेहरा उतरला. त्यांनी दाराकडं बघितलं. दारात हेडमास्तर होते, पालक होते. मॅडम म्हणल्या, "ताई, इथे नाही बोलता येत तसं." मंग म्हणल्या, "तुम्हीच तिला समजावून सांगा. शुद्ध बोलणारी माणसं चांगली असतात, असं सांगा."

असं कसं सांगू? उद्या कोणी बी रस्त्यात गाडी थांबवून म्हणंल, बाळा इकडे ये. अन् असं न्हाई सांगितलं तर लेकरू वर्षभर बाकाखाली बसणार, अन् शिकणार काय, माझ्यावाणी नववीत सुटणार? पुस्तकात लिहिलंय तसं परत वाचायला लागले तर घरी आत्या कांदा हातात धरून बसणार, अन् माझी हाक ऐकून ही पळणार. दोन्ही आवाज चांगले म्हणले तर हिला कळणार कसं, कोणाकडं जायचं अन् कोणापासून पळायचं? मला तर अजून कळत न्हाई, अन् मी तिची माय हाय.

मी साडी सावरली अन् बाकाखाली शिरले. खाली खडूची भुकटी, कोणाच्या तरी शेंगाचे टरफलं. गुड्डी मला चिकटली. वर मॅडमचे सॅंडल दिसायलते, त्या तिथंच उभ्या राहून ऐकायलत्या. गुड्डीनं माझ्या कानाला तोंड लावलं, पर लेकराला हळू कुठं बोलता येतंय, सगळ्या वर्गाला ऐकू गेलं.

"मम्मी, ही चेटकीण हाय का गं?"

दारातल्या बाया वाकून बघायल्या. उत्तर द्यायचं होतं, लगेच द्यायचं होतं, अन् ते पोरीला पटायला पाहिजे होतं अन् मॅडमला लागायला नको होतं.

तुम्ही माझ्या जागी असता तर काय म्हणलं असतं? अन् कुण्या आवाजात?